बारा दिवस घराला कुलूप, आणि टाकीत मासे

पत्राचा सारांश: एका वाचक बाईंच्या घरी साधारण ६० लिटरची काचेची टाकी आहे. ती वर्षभर नीट चालू आहे. टाकीत आठ निऑन टेट्रा, पाच-सहा गप्पी आणि तळाशी फिरणारे तीन कोरीडोरास आहेत. गप्पीची दोन आठवड्यांची पिल्लं जाळीच्या डब्यात वेगळी ठेवली आहेत. तीन आठवड्यांनी सगळं कुटुंब बारा दिवस बाहेरगावी जाणार आहे. मागे एकदा पाच दिवस बाहेर गेले असताना शेजारच्या काकूंना खाद्याची डबी देऊन "रोज थोडं थोडं घाला" असं सांगितलं होतं. परत आले तेव्हा पाणी दुधासारखं पांढरट झालेलं, तीन मासे मेलेले आणि डबी जवळजवळ संपलेली. काकूंना वाईट वाटेल म्हणून त्यांच्याशी यावर कधी बोलणं झालं नाही. बाईंना वाटतं की काकू मधले काही दिवस विसरल्या असतील, मासे उपाशी राहिले असतील आणि मग एकदम जास्त खाद्य पडलं असेल. या वेळी नवरा म्हणतो, बाजारात सुट्टीसाठी मिळणारी खाद्याची वडी टाकू आणि निघू. नऊ वर्षांची मुलगी म्हणते, मासे उपाशी राहणार असतील तर मी येणारच नाही. बाई विचारतात: "बारा दिवस माशांना खायला कोण घालणार? काहीच जमणार नसेल तर टाकी कुणाला तरी देऊन टाकावी का?"

उत्तर:

तुमच्या पत्रातली एक गोष्ट आधी बाजूला काढून बघू, कारण पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे. मागच्या वेळी मासे उपासाने गेले असं तुम्हाला वाटतं. पण तुम्हीच लिहिलंय की पाणी पांढरट झालं होतं आणि डबी संपत आली होती. भुकेने पाणी पांढरट होत नाही. न खाल्लेलं अन्न कुजायला लागलं की त्यावर जगणारे बॅक्टेरिया झपाट्याने वाढतात, आणि पाण्यात जो दुधाळपणा दिसतो तो त्यांचाच असतो. हे बॅक्टेरिया पाण्यातला ऑक्सिजन वापरतात. त्याच वेळी कुजणाऱ्या अन्नातून अमोनिया सुटतो आणि तो माशांच्या कल्ल्यांवर घाला घालतो. काकू विसरल्या नसाव्यात. त्यांनी रोज, प्रेमाने आणि बहुधा दिवसातून दोन-तीनदा खाद्य घातलं असावं.

अमोनियाचा हिशोब एकदा करून बघण्यासारखा आहे. माशांच्या खाद्यात साधारण ४० टक्के प्रथिनं असतात आणि प्रथिनांच्या वजनात सुमारे १६ टक्के नायट्रोजन असतो. म्हणजे १ ग्रॅम खाद्यात ६० मिलिग्रॅमच्या आसपास नायट्रोजन आला. ते खाद्य कुणी न खाता कुजलं आणि त्यातला सगळा नायट्रोजन अमोनियाच्या रूपात तुमच्या ६० लिटर पाण्यात उतरला, तर दर लिटरमागे जवळपास १ मिलिग्रॅम होतो. निरोगी टाकीत अमोनियाची चाचणी शून्य दाखवायला हवी. प्रत्यक्षात सगळा नायट्रोजन एकाच वेळी सुटत नाही आणि फिल्टरमधले उपयोगी बॅक्टेरिया त्यातला बराचसा भाग आधी नायट्राइटमध्ये, मग नायट्रेटमध्ये बदलतात. पण त्या बॅक्टेरियांची संख्या रोजच्या खाद्याच्या मापाने ठरलेली असते. अचानक तिप्पट-चौपट खाद्य पडायला लागलं तर त्यांना ते झेपत नाही. पाणी अल्कधर्मी असेल तर धोका आणखी वाढतो. पीएच, म्हणजे पाणी किती आम्ल किंवा अल्कधर्मी आहे ते दाखवणारा आकडा, ७ वरून ८ वर गेला की त्याच अमोनियातला विषारी भाग जवळजवळ दहापट होतो.

दुसऱ्या बाजूला उपास. निरोगी, पूर्ण वाढ झालेले आणि नियमित खाऊनपिऊन असलेले बहुतेक मासे आठवडाभर काहीही न खाता राहतात आणि त्यांचं काही बिघडत नाही. बरेचसे त्याहून जास्त दिवसही तगतात. आपण दिवसभरात जे खातो त्याचा मोठा वाटा शरीर उबदार ठेवण्यात जातो. माशाला तो खर्चच नाही, त्याचं शरीर पाण्याच्याच तापमानाला असतं. पाणी त्याला तोलून धरतं, त्यामुळे स्वतःचं वजन पेलण्याचा खर्चही जवळजवळ नाही. शिवाय वर्षभर चाललेल्या टाकीत काचेवर, दगडांवर, झाडांच्या पानांवर शेवाळाचा आणि सूक्ष्म जीवांचा पातळ थर असतो. तुमचे गप्पी दिवसभर काचेला तोंड लावून काही ना काही टिपत असतील. ते त्यांचं खाणंच आहे.

मग तुम्ही टाकीजवळ गेलात की सगळे मासे वर धावून येतात, तोंडं उघडतात, ते काय? ती शिकलेली सवय आहे. माणूस समोर आला की अन्न पडतं हे त्यांना पक्कं ठाऊक झालेलं असतं. मासे माणसाला किती बारकाईने ओळखू शकतात हे कळून मला फार आश्चर्य वाटलं होतं. २०१६ मध्ये इंग्लंड आणि ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी आर्चरफिशवर, म्हणजे तोंडातून पाण्याची पिचकारी मारून किडे पाडणाऱ्या माशांवर, प्रयोग प्रसिद्ध केला. पडद्यावर दाखवलेला एक मानवी चेहरा ओळखायला त्यांना शिकवलं. मग ४४ अनोळखी चेहरे दाखवले, तरी ते बहुतेक वेळा शिकवलेल्याच चेहऱ्यावर पाणी मारत होते. तेव्हा तुमचे मासे तुम्हाला बघून उसळतात यात तुमच्यातलं नातं नक्की आहे. पण त्यावरून त्यांची भूक मोजता येत नाही. नुकतेच खाल्लेले मासेसुद्धा तसेच धावून येतात, आणि काकूंची फसगत नेमकी इथेच झाली असणार. दर वेळी त्या टाकीजवळ गेल्या की मासे "भुकेले" दिसले, आणि त्यांचा जीव कळवळला.

तर "खायला कोण घालणार" हा तुमचा प्रश्न मी थोडा बदलून विचारते: बारा दिवस टाकीकडे कोण बघणार? फिल्टर बंद पडला, हीटर अडकला, पाणी आटलं, एखादा मासा मरून झाडामागे कुजत राहिला, यातली कुठलीही गोष्ट काही तासांत किंवा दोन-तीन दिवसांत टाकी संपवू शकते. खाद्याची वडी यातलं काहीही बघू शकत नाही.

पण थांबा. तुमच्या पत्रात अर्ध्या ओळीत एक गोष्ट येऊन गेली आहे, आणि मला तीच सगळ्यात महत्त्वाची वाटते. गप्पीची पिल्लं. मोठ्या माशांबद्दल मी वर जे लिहिलं ते पिल्लांना लागू नाही. त्यांच्या अंगात साठा नसतो, वाढ जोरात चालू असते, आणि आत्ता या वयात त्यांना दिवसातून तीन-चार वेळा अगदी बारीक पूड केलेलं खाद्य हवं. तुम्ही निघाल तोवर ती पाच आठवड्यांची होतील. पुढचे तीन आठवडे त्यांना नीट खाऊ घाला, पाणी वरचेवर थोडं थोडं बदला, म्हणजे निघेपर्यंत ती टेट्रांच्या तोंडात मावणार नाहीत इतकी मोठी होतील. मग जाळीच्या डब्यातून काढून मोठ्या टाकीत सोडा, पण निघण्याच्या आठवडाभर आधी, म्हणजे काही गडबड झाली तर ती तुमच्या डोळ्यांसमोर होईल. जाळीच्या अरुंद डब्यात ठेवून जाऊ नका. तिथे खाद्य तळाशी साचतं, पाणी कमी खेळतं, आणि टिपायला शेवाळही नसतं. टाकीत दाट झुडपासारखी वनस्पती असेल, जावा मॉस असेल, तर उत्तम. लपायला जागा आणि खायला सूक्ष्म जीव दोन्ही मिळतात.

पाच आठवड्यांची पिल्लं दोन दिवस खाद्याशिवाय काढतील. बारा दिवस मी त्यांना तसं ठेवणार नाही. म्हणून तुमच्या बाबतीत "काहीच घालू नका" हा सल्ला मी देत नाही. फक्त मोठे मासे असते आणि जायचं पाच-सहा दिवसच असतं, तर अगदी तोच दिला असता. ज्या वाचकांची परिस्थिती तशी आहे त्यांनी खाद्याच्या सोयीचा विचारच सोडून द्यावा आणि दिवसातून एकदा कुणीतरी टाकीवर नजर टाकेल एवढं बघावं.

आता पर्याय. तुमच्या यजमानांनी सुचवलेली वडी मला पसंत नाही. या वड्यांमध्ये बहुतेक वेळा प्लास्टर ऑफ पॅरिससारख्या कॅल्शियम सल्फेटच्या गोळ्यात खाद्याचे दाणे बसवलेले असतात. वडी हळूहळू विरघळते आणि दाणे मोकळे होतात. मासे किती आहेत, त्यांनी खाल्लं की नाही, याचा तिला पत्ता नसतो. काही मासे तिच्याकडे ढुंकूनही बघत नाहीत, कारण अन्न वरून पडतं हीच त्यांची सवय असते. मग सुटलेलं अन्न तळाशी कुजतं, आणि वडी विरघळताना पाण्याचा जडपणाही, म्हणजे त्यातले क्षारही, वाढतो. जेलीसारख्या वड्यांमध्ये प्लास्टर नसतं, पण कुजण्याचा प्रश्न तिथेही आहेच. लहान टाकीत हे सगळं लवकर अंगाशी येतं. वापरायचीच असेल तर आधी घरी असताना एक वडी टाकून पाण्याची रोज चाचणी करून बघा. माझा अंदाज आहे की त्यानंतर तुमचे यजमान स्वतःच ती नको म्हणतील.

ऑटोमॅटिक फीडर हा बरा पर्याय आहे. ज्यांच्याकडे विश्वासाने किल्ली द्यावी असं कुणीच नाही त्यांच्यासाठी तर तोच खरा. एका छोट्या डब्यात खाद्य भरायचं, ठरलेल्या वेळी तो डबा एक फेरा घेतो आणि फटीतून खाद्य पडतं. पण याची तालीम किमान आठवडाभर आधी, तुम्ही घरात असताना व्हायला हवी. टाकीतून येणाऱ्या ओलाव्याने खाद्याचे गोळे होतात, मग चार दिवस काही पडत नाही आणि पाचव्या दिवशी लगदाच पडतो. फ्लेक्सपेक्षा, म्हणजे पातळ पापुद्र्यांच्या खाद्यापेक्षा, बारीक दाणे कमी चिकटतात आणि मापातही नीट पडतात. फीडर एअर पंपाच्या बुडबुड्यांवर येईल असा लावू नका. फट सगळ्यात लहान मापावर ठेवा आणि बॅटरी नवीन घाला. पडणारं खाद्य एकदा बशीत पाडून बघा. बहुतेकांना वाटतं त्याहून ते बरंच जास्त असतं.

तुमच्यासाठी मात्र मी काकूंचाच पर्याय निवडेन. तुम्हाला हे कदाचित चमत्कारिक वाटेल.

मागच्या वेळचं नुकसान त्यांच्या हातून झालं हे खरं. पण त्यांच्याकडे डबी होती, "थोडं थोडं" हा शब्द होता आणि समोर तोंडं उघडून येणारे मासे होते. जिने कधी मासे पाळले नाहीत तिच्यासाठी थोडं म्हणजे किती? चमचाभर की मूठभर? तुम्ही त्यांना माप दिलं नव्हतं. हे मी तुम्हाला दोष द्यायला लिहीत नाही. काकूंशी तुम्हाला खरं आणि न दुखावणारं बोलता येईल, ते या वाक्यापासून सुरू करून. मागचं लपवून ठेवून पुन्हा किल्ली देऊ नका, आणि न बोलता दुसऱ्या कुणाला विचारूही नका. ते त्यांना कळेलच आणि जास्त लागेल. असं काहीसं म्हणता येईल: "काकू, मागच्या वेळी मी तुम्हाला नुसती डबी देऊन गेले, किती घालायचं ते सांगितलंच नाही. मासे फार कमी खातात हे मलाही नंतर कळलं. या वेळी मी पुड्या बांधून ठेवते. आणि खायला घालण्यापेक्षा मला तुमची नजर हवी आहे, रोज दोन मिनिटं टाकीकडे बघून जाल का?" मासे मेले हे त्यांना तेव्हा कळलं होतं की नाही ते तुम्ही लिहिलेलं नाही. कळलं असेल, तर गेले अनेक महिने त्याही हे मनात घेऊन असतील. तुम्ही बोललात तर त्यांनाही हलकं वाटेल.

पुड्यांचं असं करा. एका दिवसाआड एक, म्हणजे बारा दिवसांच्या पाच पुड्या पुरतात: दुसऱ्या, चौथ्या, सहाव्या, आठव्या आणि दहाव्या दिवशी. प्रत्येक पुडीत तुम्ही एका वेळी घालता त्याहून थोडं कमी खाद्य, त्यात पिल्लांसाठी चिमूटभर पूड आणि कोरीडोरासांसाठी तळाशी बुडणारी एखादी गोळी. पुडीवर वार लिहा. औषधाच्या गोळ्यांसाठी वारांचे कप्पे असलेली जी डबी मिळते तीही चालेल. मोठी डबी मात्र कपाटात, नजरेआड ठेवा. हा अविश्वास नाही. मासे वर येऊन तोंड उघडतात तेव्हा हात डबीकडे जाणं इतकं साहजिक आहे की डबी समोर नसणंच सोपं. आणि काकूंना स्पष्ट सांगा: एखादी पुडी राहिली तर राहू दे, दुसऱ्या दिवशी दोन एकदम घालू नका.

निघण्याआधी दोन-तीन वेळा काकूंना घरी बोलवून त्यांच्याच हाताने पुडी घालू द्या. दोन मिनिटांत सगळं संपलं की नाही ते दोघी मिळून बघा.

रोज बघायचं ते एका कागदावर मोठ्या अक्षरात लिहून टाकीशेजारी चिकटवा, पण कागद लहान ठेवा. फिल्टरमधून पाणी पडतंय का? तापमापकावर किती आहे? (तुमच्या माशांसाठी २४ ते २७ अंशांच्या आसपास ठीक.) पाणी स्वच्छ आहे का? मासे पृष्ठभागाशी येऊन हवेसाठी तोंड मारत नाहीत ना? कुणी मेलेला दिसतोय का? मेलेला मासा जाळीने लगेच काढायचा, तेवढं काकूंना दाखवून ठेवा आणि त्यांना ते जमेल का हे आधी विचारा. सगळ्यांना जमत नाही. रोज माशांची मोजणी करायला सांगू नका. कोरीडोरास तासन्‌तास दगडामागे बसतात आणि काकू उगाच घाबरतील. त्यापेक्षा रोज टाकीचा अर्ध्या मिनिटाचा व्हिडिओ पाठवा म्हणावं. पाण्याचा रंग आणि माशांचं पोहणं तुम्हाला त्यात लगेच कळेल.

पाणी बदलण्याची जबाबदारी त्यांच्यावर टाकू नका. त्यासाठी मासे पाळण्याचा अनुभव असलेल्या एखाद्या ओळखीच्या माणसाचा नंबर त्या कागदावर असू द्या. तो माणूस रोज यायला नको, पण फोन केला तर येईल इतकं ठरवून ठेवा. पाणी दुधाळ दिसलं किंवा मासे वर तोंड मारायला लागले, तर काकूंनी करायच्या गोष्टी तीनच: खाद्य पूर्ण बंद, एअर पंप चालू, फोन. आलेला माणूस मग त्याच तापमानाच्या, क्लोरीन काढलेल्या पाण्याने पाव ते एक तृतीयांश पाणी बदलेल.

विजेबद्दल थोडं सविस्तर लिहिते, कारण खाद्याच्या काळजीत लोक हे विसरतात. फिल्टर थांबला की दोन गोष्टी एकदम होतात. पाणी हलणं थांबतं, त्यामुळे ऑक्सिजन कमी मिसळतो. आणि फिल्टरच्या आत पाणी कोंडल्यामुळे तिथले उपयोगी बॅक्टेरिया गुदमरायला लागतात. पाणी गरम असेल तर हे लवकर होतं, कारण गरम पाण्यात मुळातच ऑक्सिजन कमी मावतो. २० अंशांना लिटरमागे साधारण ९ मिलिग्रॅम, तर ३० अंशांना साडेसात. एखाद-दोन तासांनी काही होत नाही. पण बराच वेळ वीज नसेल तर बॅटरीवर चालणारा छोटा एअर पंप फार उपयोगी पडतो. मुख्य वीज गेली की आपोआप सुरू होणारेही असे पंप मिळतात. फिल्टर, पंप आणि हीटर ज्या प्लगवर आहेत त्यावर "बंद करू नये" अशी चिठ्ठी लावा. घराबाहेर पडताना सगळी बटणं बंद करण्याची सवय आपल्याच हाताला असते, आणि टाकी बंद करून निघणारी व्यक्ती बहुतेक वेळा घरातलीच असते. वायरी टाकीतून खाली येऊन मग प्लगपर्यंत वर जातील अशा ठेवा, म्हणजे वायरीवरून ओघळणारं पाणी प्लगमध्ये न जाता खालच्या वळणावरून टपकेल.

दिवा टायमरवर लावा, सहा ते आठ तास पुरे. टाकीवर झाकण असू द्या. बारा दिवसांत पाणी बरंच आटू शकतं, आणि पातळी खाली गेली तर हीटर उघडा पडतो किंवा कडेला टांगायचा फिल्टर पाणी ओढेनासा होतो. निघताना पातळी पूर्ण भरून ठेवा.

निघण्याआधीच्या आठवड्यात काय करू नये हे जास्त महत्त्वाचं आहे. नवे मासे आणू नका. नव्या माशासोबत आलेला रोग दिसायला काही दिवस लागतात आणि तेव्हा तुम्ही घरी नसाल. शेवटच्या दिवशी टाकी घासूनपुसून "चकाचक" करू नका, फिल्टरचा स्पंज नळाखाली धुऊ नका. नळाच्या पाण्यातलं क्लोरीन तिथल्या बॅक्टेरियांना मारतं. स्पंज धुवायचाच असेल तर टाकीतून काढलेल्या पाण्यात, तोही आठवडाभर आधी. निघण्याच्या दोन दिवस आधी नेहमीसारखं पाव टाकी पाणी बदला. आणि "आता बारा दिवसांचं एकदम खाऊन घ्या" म्हणून आदल्या रात्री भरपूर खाद्य घालू नका. माशाच्या पोटात तेवढं साठत नाही, ते पाण्यातच साठतं.

तुमच्या मुलीला हे सगळं समजावून सांगण्यापेक्षा बघू द्या. येत्या शनिवार-रविवारी मोठ्या माशांना खाद्य बंद ठेवा, पिल्लांना मात्र त्यांच्या डब्यात नेहमीप्रमाणे घाला. तिला एक वही द्या. मासे कुठे टिपतात, कोण काचेवरचं शेवाळ खातंय, सोमवारी सकाळी ते कसे पोहतायत, हे तिने लिहून काढावं. मासे पाळणारे कितीतरी जण आठवड्यातून एक दिवस मुद्दाम खाद्य देत नाहीत, तेव्हा यात माशांना कसलाही त्रास नाही. पुड्याही तिलाच बांधू द्या. तिने "मी येणार नाही" म्हटलं ते मला हट्ट वाटत नाही. ती त्या जिवांची जबाबदारी घेतेय, आणि तिला नुसतं "काही होत नाही गं" सांगून गप्प करण्यापेक्षा हातात काम दिलेलं बरं. काकूंकडून येणारा रोजचा व्हिडिओ आधी तिने बघावा.

टाकी देऊन टाकण्याबद्दल: या एका प्रवासासाठी अजिबात नको. हलवाहलवीचा, नव्या पाण्याचा त्रास बारा दिवसांच्या गैरहजेरीपेक्षा तुमच्या माशांना जास्त होईल. घरातल्या कुणालाच टाकीचं करायला वेळ राहिला नसता तर वेगळा विचार केला असता, पण तुमचं पत्र तसं सांगत नाही.

हे वाचणाऱ्या इतरांसाठी दोन ओळी. टाकी लावून महिना-दीड महिनाच झाला असेल, तर तिच्यातलं बॅक्टेरियांचं चक्र अजून पक्कं बसलेलं नसतं. अशी टाकी आठवडाभरही नुसती सोडून जाऊ नका, अनुभवी माणूसच नेमा. डिस्कससारखे नाजूक मासे, आजारी मासे, औषध चालू असलेली टाकी, यांनाही तेच लागू. तीन-चार आठवड्यांसाठी जाणार असाल तर उपास हा पर्यायच नाही. फीडर आणि माणूस दोन्ही हवेत, आणि मधे किमान दोनदा पाणी बदलायला कुणीतरी यायला हवं. गोल्डफिश असतील तर ते पाणी फार लवकर घाण करतात, त्यांच्या बाबतीत खाद्य आणखी कमी आणि पाण्याकडे लक्ष आणखी जास्त.

आणि तुम्ही परत आलात की बॅगा उघडायच्या आधी टाकीजवळ जाल हे मला माहीत आहे. मासे उसळून येतील. तेव्हा आधी अमोनिया आणि नायट्राइटची चाचणी करा. दोन्ही शून्य असतील तर नेहमीच्या निम्मं खाद्य घाला. पिल्लांना त्यांची पूड वेगळी द्या. दुसऱ्या दिवशी पाव टाकी पाणी बदला, आणि तीन-चार दिवसांत हळूहळू नेहमीच्या मापावर या.